ट्रॅफिक डिस्प्लेला जोडलं, पण दिसतंय ते खरं आहे का?

पश्चिमवारा

मंडळी, क्लबच्या दोन आसनी मोटरग्लायडरमध्ये फ्लार्म (आसपासची विमानं ओळखून टक्करीचा इशारा देणारं उपकरण) बसवलेलं आहे. प्रेशर सेन्सर आणि १०९० मेगाहर्ट्झचा रिसीव्हर असलेलं, त्यामुळे फ्लार्मवाल्यांबरोबर एडीएस-बी (स्वतःचं स्थान आणि उंची सांगणारा रेडिओ संदेश) पाठवणारी विमानंही त्याला कळतात. त्याचा स्वतःचा दिव्यांचा छोटा गोल डिस्प्ले आहे आणि तो उत्तम चालतो. आपला ट्रान्सपॉन्डर (रडारला उत्तर देऊन विमानाची ओळख आणि उंची सांगणारं यंत्र) मोड-एस प्रकारचा, एडीएस-बी आउटसह, म्हणजे एडीएस-बी पाठवणारा.

आता सगळ्यांना हेच ट्रॅफिक, म्हणजे आसपासची विमानं, नकाशावर हवंय. म्हणून फ्लार्ममधून सिरियल केबल काढून पॅनेलवरच्या नकाशाच्या डिस्प्लेला जोडली. टॅबलेटसाठी एक वेगळा छोटा रिसीव्हर आहे, तो वाय-फायवर जीडीएल ९० या डेटाच्या भाषेत ट्रॅफिक पाठवतो.

पॅनेलवर आपलं स्थान फ्लार्मच्या जीपीएसवरून बरोबर येतं, ट्रॅफिक मात्र एकही नाही. टॅबलेटवर ट्रॅफिक भरपूर, पण त्यातलं एक विमान कायम आमच्याच डोक्यावर बसलेलं, आमच्याच वेगाने, आमच्याच दिशेने. आणि उकाड्याच्या दुपारी ५,००० फुटांवर असताना फ्लार्म ज्या विमानाला जवळजवळ आपल्याच उंचीवर म्हणतं, त्यालाच टॅबलेट ४०० फूट खाली दाखवतो. दोघांपैकी विश्वास कुणावर ठेवायचा?

वायरमन

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. जीपीएसचं स्थान येतंय म्हणजे वायर, ग्राउंड आणि बॉड रेट (सिरियलवरचा डेटाचा वेग) तिन्ही ठीक आहेत. काहीच आलं नसतं तर टीएक्स-आरएक्स (पाठवायची आणि ऐकायची वायर) उलटसुलट झाले असते किंवा ग्राउंड तुटलेलं असतं. कचरा अक्षरं आली असती तर बॉड रेट जुळत नाही, किंवा एका बाजूला आरएस-२३२ आणि दुसऱ्या बाजूला टीटीएल पातळीचं सिरियल आहे (त्यात सिग्नल उलटा असतो आणि व्होल्टेजही वेगळं). तुमच्याकडे यातलं काही नाही.

तेव्हा दोन ठिकाणी बघा. फ्लार्मच्या सेटिंगमध्ये कोणती वाक्यं (डेटाच्या ओळी) बाहेर पाठवायची हे निवडता येतं. तिथे फक्त जीपीएसची वाक्यं चालू असतील तर डिस्प्लेला ट्रॅफिक कधीच कळणार नाही. आणि डिस्प्लेमध्ये त्या पोर्टला 'जीपीएस' असं नाव दिलेलं असेल तर फ्लार्मची वाक्यं दारात येऊनही तो वाचणार नाही. तिथे 'फ्लार्म' किंवा 'ट्रॅफिक' निवडावं लागतं.

बॉड रेट किती ठेवलाय? विचारायचं कारण सांगतो. सिरियलवर एका अक्षराला १० बिट लागतात, म्हणजे ४८०० वर सेकंदाला ४८० अक्षरं. जीपीएसची दोन वाक्यं आणि फ्लार्मचं स्थितीचं वाक्य मिळून साधारण २०० अक्षरं गेली. उरली २८०. एका विमानाच्या वाक्याला ६० च्या आसपास अक्षरं, म्हणजे चार विमानं झाली की पाइप भरला. गर्दीच्या थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) दहा ग्लायडर असतील तर बाकीच्या सहांचं काय? १९,२०० वर हाच हिशोब पंचवीसच्या पुढे जातो. दोन्ही टोकांना झेपेल तेवढा जास्त दर ठेवा, आणि तो दोन्हीकडे एकच हवा.

कुतूहल

वाचतेय. ग्लायडिंगमधलं फारसं कळत नाही, पण 'स्थितीचं वाक्य' आणि 'विमानाचं वाक्य' म्हणजे नक्की काय? आणि हे जीडीएल ९० वेगळं प्रकरण आहे का?

वायरमन

@कुतूहल, फ्लार्म सेकंदाला एकदा दोन प्रकारची वाक्यं सोडतं. पीएफएलएयू हे एकच वाक्य म्हणजे सारांश: किती विमानं ऐकू येतायत, जीपीएस ठीक आहे का, प्रक्षेपण चालू आहे का, आणि सगळ्यात धोक्याचं विमान कुठे, किती अंतरावर, किती वर-खाली. पीएफएलएए मात्र प्रत्येक विमानाला एक. त्यात ते विमान आपल्यापासून किती मीटर उत्तरेला, किती मीटर पूर्वेला, किती मीटर वर, त्याचा ओळख क्रमांक, वेग, चढण्याचा दर, ग्लायडर आहे की टो-प्लेन (ग्लायडर दोरीने ओढून नेणारं विमान) की हेलिकॉप्टर, असं सगळं. जीडीएल ९० ही मात्र वेगळीच भाषा, टॅबलेटचा रिसीव्हर ॲपशी तीत बोलतो.

यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे धोक्याची पातळी. टक्कर होण्याला १३ ते १८ सेकंद असतील तर पातळी १, ९ ते १२ असतील तर २, त्याहून कमी तर ३. हा हिशोब फ्लार्मच्या डब्यातच होतो, दोन्ही विमानांचे पुढचे मार्ग लक्षात घेऊन. बाहेरच्या डिस्प्लेने नुसतं दाखवायचं आणि ओरडायचं. तो स्वतःची अक्कल चालवायला लागला की गोंधळ सुरू.

उंचसखल

तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण तिघांत घातक तोच आहे.

एडीएस-बी पाठवणारं विमान आपली जी उंची सांगतं ती प्रेशर आल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या दाबावरून काढलेली, १०१३.२५ हेक्टोपास्कलवर लावलेली. पायलटने अल्टिमीटरवर काहीही लावलेलं असो, ट्रान्सपॉन्डर हीच पाठवतो. मग समोरचा आपल्यापेक्षा किती वर-खाली हे काढायचं तर आपलीही प्रेशर आल्टिट्यूडच वजा करायला हवी. तुमच्या फ्लार्ममध्ये प्रेशर सेन्सर आहे, ते असंच करतं. टॅबलेटच्या छोट्या रिसीव्हरमध्ये बहुधा सेन्सर नाही (किंवा आहे पण बंद आहे). जीडीएल ९० मध्ये स्वतःच्या विमानाच्या संदेशात प्रेशर आल्टिट्यूडची जागा आहे, ती 'माहीत नाही' म्हणून रिकामी गेली की बरीच ॲप्स मुकाट्याने जीपीएसची उंची वापरतात. एक उंची हवेच्या दाबाची, दुसरी भूमितीची, आणि वजाबाकी दोघांची.

आता तुमचे ४०० फूट बघा. प्रमाणित तापमानापेक्षा दर १० अंशांना खरी उंची सुमारे ४ टक्क्यांनी वाढते. हवा २० अंशांनी जास्त गरम असेल तर ५,००० फुटांवर ८ टक्के, म्हणजे ४०० फूट. जीपीएस म्हणणार ५,४००, समोरच्याचा ट्रान्सपॉन्डर म्हणणार ५,०००, आणि टॅबलेट त्याला ४०० फूट खाली दाखवणार. तो प्रत्यक्षात तुमच्या नाकासमोर आहे! दाब कमी असलेल्या दिवशी चूक उलट दिशेला जाते: १० हेक्टोपास्कलला पावणेतीनशे फुटांच्या आसपास.

त्यात आणखी एक फाटा आहे. जीपीएसची उंची समुद्रसपाटीपासूनची की डब्ल्यूजीएस-८४ लंबवर्तुळापासूनची (जीपीएस पृथ्वीचा जो गणिती आकार धरतं त्यापासूनची)? जीडीएल ९० च्या मूळ तपशिलात भूमितीय उंची लंबवर्तुळापासून आहे. काही रिसीव्हर समुद्रसपाटीची पाठवतात आणि ॲप दुसरीच गृहीत धरतं. हा फरक जागेनुसार बदलतो. हिंदी महासागरात समुद्रसपाटीलाच जो खळगा आहे तिथे तो उणे १०० मीटरच्याही पलीकडे जातो, म्हणजे तीनशेहून जास्त फूट. म्हणूनच पुढे एका लोकप्रिय ॲपने आपल्या विस्तारित तपशिलात 'उंची कशापासूनची' हे सांगणारा वेगळा बिट ठेवला.

तेव्हा विश्वास फ्लार्मवर. टॅबलेटवरचा उंचीचा आकडा, जोवर रिसीव्हर प्रेशर पाठवत नाही तोवर, शोभेचा समजा.

गिरकी

+१ उंचसखल. दंडवत घ्या. वाचनखूण साठवली.

फक्त एक भर: सेन्सरवाला रिसीव्हर असला तरी प्रेशराइज्ड केबिनमध्ये तो केबिनचा दाब मोजतो. ग्लायडरवाल्यांना त्याचा त्रास नाही, पण धागा वाचणारे सगळेच ग्लायडरवाले नसतील.

सहा_अक्षरी

डोक्यावरच्या भुताबद्दल.

ते तुम्हीच आहात. तुमचा ट्रान्सपॉन्डर एडीएस-बी पाठवतो, टॅबलेटचा रिसीव्हर तो ऐकतो, आणि हे आपलंच विमान आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये तुमच्या विमानाचा २४ बिटांचा आयसीएओ पत्ता (सोळा-आधारी सहा अक्षरं) भरा. तो नोंदणीच्या कागदावर असतो, पण ट्रान्सपॉन्डरमध्ये प्रत्यक्षात काय भरलंय तेही पडताळा. विमान दुसऱ्या देशातून आलं असेल तर जुना पत्ता तसाच राहिलेला सापडतो.

फ्लार्ममध्येही तोच पत्ता ओळख क्रमांक म्हणून लावा. नाहीतर फ्लार्म आपल्या कारखान्यातल्या क्रमांकाने बोलतं, ट्रान्सपॉन्डर आयसीएओ पत्त्याने, आणि तुमच्या आसपासच्या लोकांना एकाच जागी दोन विमानं दिसतात. तुमच्या चुकीचा त्रास त्यांना.

एक करू नका. काही ॲप्समध्ये 'अगदी जवळचं ट्रॅफिक लपवा' असा फिल्टर असतो. भूत घालवण्याचा तो सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट उपाय. टोमध्ये असताना टो-प्लेन पन्नास-साठ मीटरवर असतं, थर्मलमध्ये शेजारचं ग्लायडर कधीकधी तितकंच जवळ. ज्याला बघायचंय तोच लपतो.

पश्चिमवारा

धन्यवाद मंडळी. पॅनेलच्या डिस्प्लेवर पोर्टला 'जीपीएस'च लावलेलं होतं. 'फ्लार्म' केल्यावर ट्रॅफिक आलं, बॉड रेटही वर नेला. पत्ता भरला, भूत गेलं.

उंचीच्या बाबतीत मात्र प्रश्न राहतोच. टॅबलेटचा रिसीव्हर काढून टाकू का? दोन रिसीव्हर असले तर एकाला जे ऐकू येत नाही ते दुसऱ्याला येईल ना? कार्बन फायबरची बॉडी आहे, फ्लार्मचा अँटेना नाकाजवळ, मागचं नीट दिसत नाही.

वायरमन

दोन रिसीव्हर म्हणजे दोन अँटेना, तेवढा फायदा आहे. पण दोन रिसीव्हर म्हणजे दोन अलार्मही, आणि ते वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं बोलणार. माझ्या मते टॅबलेटलाही फ्लार्मचंच खाद्य द्या. सिरियल ते वाय-फाय करणारा छोटा डबा मिळतो, बहुतेक ग्लायडिंगची आणि नकाशाची ॲप्स टीसीपीवरून फ्लार्मची वाक्यं थेट वाचतात. एका टीएक्सच्या वायरवरून दोन-तीन डिस्प्लेंना ऐकवता येतं. उलटं मात्र करायचं नाही, दोन टीएक्स एका आरएक्सवर कधीच नाही, त्याला मल्टिप्लेक्सर लागतो. मागची बाजू हवी असेल तर फ्लार्मला दुसरा अँटेना लावता येतो का ते तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत पाहा. उपाय अँटेनाचा आहे, त्यासाठी आणखी एक डबा कशाला?

आणि हो, फ्लार्मचा आरजे-४५ सॉकेट दिसायला नेटवर्कसारखा असला तरी त्यात विमानाची बॅटरी आलेली असते. नेटवर्क केबल घालू नका. वेगवेगळ्या कंपन्यांचं पिनांचं जुळणही वेगळं, पुस्तिका बघितल्याशिवाय केबल जोडली की धूर.

उंचसखल

वायरमनशी सहमत, आणि त्याला एक तांत्रिक कारणही आहे. फ्लार्मची वाक्यं सापेक्ष असतात: इतके मीटर उत्तरेला, इतके वर. जीडीएल ९० मध्ये प्रत्येक विमानाचे अक्षांश-रेखांश असतात. ज्या विमानाचा नुसता ट्रान्सपॉन्डर आहे, एडीएस-बी नाही, त्याची दिशा फ्लार्मला कळत नाही. सिग्नल किती जोरात येतो त्यावरून अंतराचा अंदाज येतो, एवढंच. फ्लार्मच्या वाक्यात पूर्वेचा रकाना रिकामा सोडला की डिस्प्लेला समजतं, 'दिशा माहीत नाही', आणि तो तुमच्याभोवती एक वर्तुळ काढतो. जीडीएल ९० मध्ये असं रिकामं सोडायची सोय नाही, म्हणून काही रिसीव्हर चक्क तुमच्याभोवती खोट्या विमानांचं रिंगण उभं करतात. पहिल्यांदा पाहिलं की घाम फुटतो.

अंतराचा तो अंदाजही सैलच घ्या. एक ट्रान्सपॉन्डर सव्वाशे वॅटचा, दुसरा त्याच्या कितीतरी पट, मधे पंख नाहीतर पायलटचं शरीर आडवं आलं की गणित बदललं.

जुनापंख

मी सगळं वाचलं. आता जरा वेगळं बोलतो, राग मानू नका.

आमच्या पिढीने मान फिरवून उडायला शिकलं. हे पडदे आल्यापासून मागच्या सीटवर बसून मी काय बघतो? मुलगा टॅबलेटवर बोट ठेवून विमान शोधतो आणि ते विमान खिडकीतून जाऊनही गेलेलं असतं. फ्लार्मचे दिवे आणि शिट्टी पुरे. नकाशावर ट्रॅफिक कशाला हवं?

सहा_अक्षरी

काका, मान फिरवायलाच हवी, वादच नाही. पण समोरासमोर येणारी दोन विमानं प्रत्येकी १२० नॉटने आली तर जवळ येण्याचा वेग सेकंदाला १२३ मीटर. अशा वेळी समोरच्याचा आकार शेवटच्या काही सेकंदांपर्यंत ठिपक्याएवढाच असतो आणि क्षितिजावर एका जागी स्थिर दिसतो, नेमका जो डोळ्याला सापडत नाही. कुठे बघायचं हे कुणी सांगितलं तर शोध सोपा होतो. हे माझं मत.

जुनापंख

कुठे बघायचं ते शिट्टीने सांगावं की. त्यासाठी पडदा लागत नाही.

गिरकी

काकांच्या बाजूने एक मुद्दा, ज्याकडे कुणी लक्ष देत नाही. फ्लार्म दिशा सांगतं ती आपल्या ट्रॅकच्या (जमिनीवरून प्रत्यक्ष होणाऱ्या मार्गाच्या) संदर्भात, नाकाच्या नाही. त्याला जीपीएस कळतं, होकायंत्र नाही. ग्लायडर ६० नॉटने उडतंय आणि उजवीकडून २५ नॉटचा आडवा वारा आहे, तर नाक ट्रॅकपासून सुमारे २५ अंश उजवीकडे वळलेलं असतं. डिस्प्ले घड्याळाच्या भाषेत म्हणाला 'बाराच्या दिशेला', म्हणजे तुमच्या नाकासमोर नाही, डावीकडे, जवळजवळ अकराच्या दिशेला. तुम्ही नाकासमोर शोधत बसणार. वारा जोरात असेल त्या दिवशी डिस्प्लेने सांगितलेल्या दिशेच्या दोन्ही बाजूंना एकेक तास धरून बघायची सवय लावा.

थर्मलमध्ये गोल फिरताना तर ट्रॅक सतत बदलत असतो. डिस्प्लेवर ठिपका पोहोचेपर्यंत तुम्ही आणखी काही अंश फिरलेले असता. तिथे ट्रॅक-अप (आपला मार्ग वरच्या बाजूला ठेवणारा) नकाशा गरगरतो, त्यापेक्षा मी उत्तर-वर ठेवते.

आरिंक

मी मोठ्या विमानांच्या एव्हिऑनिक्समध्ये काम करतो, थोडं अवांतर पण उपयोगी पडेल.

टीकॅस (मोठ्या विमानांतली टक्कर टाळणारी यंत्रणा) आणि डिस्प्लेमधलं बोलणं आरिंक ४२९ या डेटाच्या मानकावर चालतं. ३२ बिटांचे शब्द, पीळ दिलेल्या वायरची जोडी, सेकंदाला १२.५ किंवा १०० किलोबिट, एक बोलणारा आणि जास्तीत जास्त २० ऐकणारे. समोरच्याचं अंतर १३० नंबरच्या लेबलवर, उंची १३१ वर, दिशा १३२ वर. म्हणजे 'दोन टीएक्स एका आरएक्सवर नाही' हा नियम इथे मानकातच लिहिलेला आहे. म्हणूनच टीकॅससाठी बनवलेल्या पॅनेलच्या डिस्प्लेला फ्लार्मची सिरियल वाक्यं थेट देता येत नाहीत, मधे रूपांतर करणारा डबा लागतो.

चिन्हं मात्र सगळ्यांनी टीकॅसकडूनच उचलली आहेत. पोकळ चौकट-डायमंड म्हणजे दूरचं, भरलेला म्हणजे जवळचं, पिवळं वर्तुळ म्हणजे लक्ष द्या, लाल चौकोन म्हणजे सांगितल्याप्रमाणे चढा नाहीतर उतरा. शेजारचा आकडा शेकडा फुटांत, बाण म्हणजे मिनिटाला ५०० फुटांहून जास्त वेगाने वर किंवा खाली. तुमच्या टॅबलेटवर लाल रंग दिसला तर त्याचा अर्थ टीकॅससारखा 'आदेश' नाही. फ्लार्म काय करायचं ते सांगत नाही, फक्त इशारा देतं.

@गिरकी, टीकॅसची दिशा तर अँटेनावरून काढलेली, बरीच ढोबळ असते. त्यामुळे नुसता डिस्प्ले बघून डावी-उजवीकडे वळायचं नाही, असं आमच्याकडेही शिकवतात. आणि टीकॅसला फ्लार्म दिसतच नाही, त्याला ट्रान्सपॉन्डरचं उत्तर लागतं. तुमचा ट्रान्सपॉन्डर बॅटरी वाचवायला बंद ठेवू नका.

कुतूहल

हे शेवटचं वाक्य ठळक करायला हवं.

एक बाळबोध प्रश्न. टॅबलेटवर 'कनेक्टेड' लिहून आलं म्हणजे सगळं चालू आहे असं समजायचं ना?

वायरमन

अजिबात नाही. जीडीएल ९० मध्ये दर सेकंदाला हार्टबीट येतो, तो आला की ॲप 'कनेक्टेड' म्हणतं. रिसीव्हरला जीपीएस मिळालेलं नसलं तरी हार्टबीट येतच असतो. टॅबलेटच्याही खोड्या आहेत: रिसीव्हरच्या वाय-फायला इंटरनेट नाही हे पाहून तो मधेच दुसऱ्या नेटवर्कवर उडी मारतो, किंवा ॲपला 'स्थानिक नेटवर्क'ची परवानगीच दिलेली नसते. जमिनीवर, इंजिन सुरू करण्याआधी, क्लबमधल्या दुसऱ्या विमानाचं फ्लार्म चालू करून हँगरपासून दूर उभं करा आणि तिन्ही डिस्प्लेंवर ते एकाच दिशेला, एकाच अंतरावर दिसतं का बघा. दोघेही स्थिर असले तर काही डिस्प्ले त्याला दाखवतच नाहीत, तेव्हा एकाला थोडं चालवायला लागेल.

पश्चिमवारा

हे करून बघतो. टॅबलेटचा रिसीव्हर काढायचं ठरलं, फ्लार्मवरूनच वाय-फाय घेणार. पॅनेलच्या डिस्प्लेचा आवाज बंद, शिट्टी फक्त फ्लार्मची.

आता कागदांचा प्रश्न. विमान प्रमाणित वर्गातलं आहे. केबल कायमची बसवायची तर?

आरिंक

तुमच्या देशाचा नियम बघा. युरोपात फ्लार्म बसवण्यासाठी सीएस-स्टॅनमध्ये (छोट्या बदलांच्या प्रमाणित पद्धतींच्या नियमावलीत) ठरलेली पद्धत आहे, ती पाळली तर प्रत्येक वेळी नवी मंजुरी लागत नाही, पण काम अधिकृत माणसानेच करून नोंदवहीत लिहायचं. बाकी ठिकाणी आधी तुमच्या परवानाधारक इंजिनिअरला विचारा. वेगळा फ्यूज आणि वायर कुठे घासत नाही ना, हे तो बघेलच. होकायंत्राजवळ काही बसवलं तर ते पुन्हा तपासून घ्यायला सांगा.

सहा_अक्षरी

फ्लार्मचं फर्मवेअरही बघून घ्या, ते वर्षातून एकदा तरी अद्ययावत करावंच लागतं. मुदत उलटलेलं फ्लार्म ऐन मोसमाच्या सुरुवातीला बंद सापडतं. अपडेटनंतर ओळख क्रमांक, बॉड रेट आणि बाहेर जाणारी वाक्यं एकदा वाचून घ्या.

जुनापंख

आणि जमिनीवरच्या त्या चाचणीला मला बोलवा. दुसरं विमान मी चालवतो.